मदत हवी: आय५ ४.४ गिगाहर्ट्झ असून लॅपटॉप रांगतोय, आय७ घेऊ का?

घुमटवाला_फोंडा
मंडळी, जरा अर्जंट आहे. लॅपटॉप बाराव्या जनरेशनचा आय५, १० कोअर, खोक्यावर ४.४ गिगाहर्ट्झ लिहिलंय आणि तरी एडिटिंगमधे टायटल टाईप केलं की अक्षरं मागाहून चालत येतात. भावोजींकडे सातव्या जनरेशनचा जुनाट आय७ आहे, त्यावर तीच फाईल बऱ्यापैकी पळते! चवथ तोंडावर आली, घुमट वाजवून म्हणतात त्या आरत्यांच्या स्पर्धेचे व्हिडिओ मंडळाला द्यायचेत आणि रात्री एक्स्पोर्ट लावून झोपलो तर सकाळी अर्धंसुद्धा झालेलं नसतं. प्रोसेसरचा स्पीड नेमका ठरतो कशावर आणि आय७ घेतला तर किती फरक पडेल एवढंच सांगा. फॉर्मॅट मार म्हणून सांगू नका, मारून झालाय.

लिनक्सभक्त
विंडोज काढ, लिनक्स मिंट टाक. विषय संपला.

घुमटवाला_फोंडा
आणि एडिटिंगचं प्रीमियर कशावर चालवू?

लिनक्सभक्त
केडेनलाईव्ह शीक की. फुकट आहे.

घुमटवाला_फोंडा
चवथीच्या तोंडावर नवीन सॉफ्टवेअर शिकू? बरं बाबा.

पणजी_पीसी
आय५ म्हणजे कुठला, पूर्ण नंबर टाक. १२३५यू की १२४५०एच? दोन्ही बाराव्या जनरेशनचे, दोघांवर ४.४ लिहिलेलं, थ्रेडही (एका वेळी चालणारी कामं) दोघांना १२च. पण यू हा १५ वॅटचा आणि एच ४५ वॅटचा, त्यामुळे लांबलचक एक्स्पोर्टला दोघांत बराच फरक पडतो. रॅम किती आणि पट्टी एक की दोन? एसएसडी आहे ना?

घुमटवाला_फोंडा
१२३५यू. रॅम १६. एसएसडी आहे. पट्टीचं माहीत नाही. आय७ घेऊ की नको?

म्हापशेकर
घे रे डोळे झाकून. मी आय३ वरून आय७ वर गेलो, जमीन अस्मानाचा फरक. स्पीड म्हणजे गिगाहर्ट्झ आणि कोअर, बाकी सगळी दुकानदारी.

कुळागर
म्हापशेकर, गिगाहर्ट्झनेच सगळं ठरत असतं तर पेंटियम ४ अजून विकला गेला असता. २००४ साली तो ३.८ वर पोचला, ४ गिगाहर्ट्झचा जाहीर केलेला शेवटी इंटेललाच रद्द करावा लागला, कारण उष्णता आवरेना. आणि २००६ चा कोअर २ ड्युओ २.४ वर चालून त्याच्या पुढे गेला, कारण एका ठोक्यात तो जास्त काम उरकत होता. घुमटवाल्याला घुमटातच सांगतो, गिगाहर्ट्झ ही नुसती लय झाली, एका मात्रेत बोल किती बसतात ते वेगळं, आणि आरती किती वेळात संपते ते दोन्ही मिळून ठरतं.
त्यात मेमरीचा घोळ निराळाच. ४ गिगाहर्ट्झला एक ठोका म्हणजे पाव नॅनोसेकंद, आणि डेटा कॅशमधे (प्रोसेसरच्या आतली छोटी, झटपट मेमरी) नसला तर रॅममधून यायला साधारण ८० ते १०० नॅनोसेकंद जातात, म्हणजे तीन-चारशे ठोके, आणि त्यातला बराचसा वेळ त्या कोअरला वाट बघण्यातच घालवावा लागतो. म्हणून कॅश किती ते बघायचं. एएमडीचे रायझन ५ ५५००यू आणि ५६००यू, दोघांना ६ कोअर, पण पहिला जुन्या झेन २ डिझाइनचा ८ एमबी एल३ कॅशवाला आणि दुसरा झेन ३ चा १६ एमबी वाला. दुकानात एकाच शेल्फवर असतात.

म्हापशेकर
एवढं कोण बघत बसतो लॅपटॉप घेताना.

कुळागर
ज्याला एक्स्पोर्ट सकाळपर्यंत हवा तो बघतो.

डिचोलीची_माई
कुळागर, घुमटाचा विषय निघालाच आहे तर विचारते, हल्ली सगळे बकऱ्याचंच चामडं लावतात ना? नातवासाठी एक घ्यायचंय.

कुळागर
हो माई, बकऱ्याचंच. घोरपडीचं कायद्याने बंद आहे, कोणी छुपं विकत असला तरी घेऊ नका. जुने लोक म्हणतात तो आवाज आता नाही, पण चांगल्या कारागिराने मढवलेलं असलं तर मला तरी चालतं. २०१९ मधे सरकारने गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केल्यापासून शिकणारी पोरंही वाढली आहेत.

घुमटवाला_फोंडा
घुमट मी देतो माई, आधी माझा लॅपटॉप चालू दे!! आणि १० कोअर असून उपयोग का होत नाही ते कोणी सांगेल का?

पणजी_पीसी
१० मधले मोठे २च, बाकी ८ छोटे. ते ४.४ फक्त मोठ्यांसाठी, छोटे ३.३ पर्यंतच जातात. शिवाय सगळंच काम वाटून करता येत नाही. १९६७ मधे संगणकतज्ज्ञ अ‍ॅमडालने हिशोब मांडला तो अजून लागू आहे, कामाचा पाचवा हिस्सा जर एकामागून एकच करावा लागत असेल तर हजार कोअर लावलेस तरी पाचपटीच्या वर जाणार नाही. टायटल टाईप करताना तर एखाददुसराच कोअर राबत असतो.
पण तुझं दुखणं हे नव्हे. भावोजींचा बहुतेक ७५००यू असणार, २ कोअर, फार तर ३.५. तो १२३५यू ला मागे टाकतोय म्हणजे तुझा चालतच नाहीये. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समधे सीपीयू, एक्स्पोर्ट चालू ठेवून खाली स्पीड किती दाखवतो ते टाक. जीपीयूच्या (ग्राफिक्स चिपच्या) जागी काय नाव आहे तेही बघ.

घुमटवाला_फोंडा
स्पीड ०.३९. सारखा ०.३९, हलतच नाही. जीपीयू इंटेल यूएचडी ग्राफिक्स.

लिनक्सभक्त
विंडोज अपडेट. सांगत होतो.

सांखळीकर
अपडेट बिपडेट काही नाही. चार्जर ओरिजिनल आहे का रे?

घुमटवाला_फोंडा
चार्जरचा काय संबंध? जुना पावसात वीज कडाडली त्यात गेला, बाजारातला लावलाय, ६५ वॅटचाच. बॅटरी व्यवस्थित भरते.

सांखळीकर
एक काम कर. लॅपटॉप चालू असताना चार्जर उपसून काढ आणि आकडा बघ.

घुमटवाला_फोंडा
अरे ३.४ झाला!!! परत लावला की ०.३९. एरवी बॅटरीवर स्लो होतो ना, हे उलटं कसं?

सांखळीकर
दुकानात असले लॅपटॉप बरेच येतात. काही कंपन्यांच्या चार्जरच्या पिनेत मधे एक बारीक सुई असते, चार्जर किती वॅटचा ते लॅपटॉप तिच्यातून वाचतो. डुप्लिकेटमधे ती नुसती शोभेला किंवा वाचताच येत नाही अशी. मग मदरबोर्ड ठरवतो की या चार्जरचा भरवसा नाही आणि प्रोसेसर जास्त तापला की जो सिग्नल जातो तोच मुद्दाम लावून ठेवतो. मूळ क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, ४.४ ला त्याची ४४ पट होते, तुझी पट खाली ४ वर आणून बांधून टाकली. ४०० मेगाहर्ट्झ, म्हणून ०.३९. त्यावर आय७ असता तरी तोही ०.३९ च दाखवता.

म्हापशेकर
थ्रॉटलस्टॉप नावाचं सॉफ्टवेअर टाक, बीडी प्रोकहॉटची, म्हणजे त्याच सिग्नलची टिक काढ, फुकटात काम. यूट्यूबवर आहे.

सांखळीकर
आणि चार्जर विरघळला की यूट्यूबवाला येणार? ६५ वॅट स्टिकरवर छापलंय, आत काय आहे कोणाला ठाऊक. हा प्रोसेसर क्षणभर ५५ वॅटपर्यंत ओढू शकतो, वर स्क्रीन आणि बॅटरी. ओरिजिनल घे, नाहीतर तुझ्या मॉडेलला ओळखला जाणारा, आणि दुकानातच लावून आकडा बघून पैसे दे.

म्हापशेकर
माझ्या मेव्हण्याचा असाच चालतोय टिक काढून.

सांखळीकर
चालू दे.

घुमटवाला_फोंडा
ओरिजिनल मिळाला मडगावात, खिसा रिकामा झाला. एक्स्पोर्ट पळतोय, पण सुरुवातीला ३ च्या वर आणि थोड्या वेळाने २ च्या आसपास येऊन बसतो. अजून काही बिघाड आहे का?

पणजी_पीसी
नाही, यू चा स्वभावच तो. जोर थोडा वेळ, मग १५ वॅटच्या आसपास बसेल तेवढंच, कंपनीने मर्यादा जरा वर ठेवली असली तर थोडं जास्त. पंख्याची जाळी साफ कर, आपल्या दमट हवेत धूळ चिकटून बसते. आणि गादीवर ठेवून एक्स्पोर्ट लावू नकोस.
यूएचडी दाखवतोय म्हणजे रॅम बहुतेक एकाच पट्टीची आहे. दोन पट्ट्या लावून रॅमचे दोन्ही चॅनेल (वाटा) भरले की त्याच चिपला आयरिस एक्सई म्हणतात आणि ग्राफिक्सला मेमरी दुप्पट वेगाने मिळते. एक्स्पोर्टच्या सेटिंगमधे हार्डवेअर एन्कोडिंग चालू आहे का तेही बघ, त्याने व्हिडिओ बनवायचं काम ग्राफिक्स चिप करते, ते कोअरवर टाकायची गरजच नाही.

घुमटवाला_फोंडा
हार्डवेअर एन्कोडिंग बंदच होतं, केलं चालू. पट्टी कुठली आणू?

पणजी_पीसी
आधी खोलून दुसरा स्लॉट आहे का बघ, काहींत रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते. असला तर आहे त्या पट्टीवरचा नंबर वाच, १२३५यू ला डीडीआर४ पण चालते आणि डीडीआर५ पण, बोर्ड मात्र एकच घेतो.