रोम सोडून गेलेला कवी पस्तावला. चूक कोणाची?

रानवाटा (धागाकर्ता)
कवी मार्शिअल मूळचा स्पेनमधल्या बिल्बिलिसचा. ३४ वर्षं रोममध्ये राहिला आणि तक्रारी करत राहिला: पहाटे पंतोजी झोपू देत नाहीत, रात्री पाववाले आणि दिवसभर तांबटांचे हातोडे. इ.स. ९८च्या सुमारास तो गावी परतला. कवी ज्युवेनलला कवितेतून कळवलं की आता उन्हं वर येईपर्यंत झोपतो. पुढे मात्र लिहिलं, की इथे ग्रंथालयं नाहीत, नाट्यगृहं नाहीत, चोखंदळ श्रोते नाहीत, लिहायचं कोणासाठी? माझं मत स्पष्ट आहे. रोमची ओढ खरी होती, बाकीचा त्रास त्यापुढे किरकोळ.

दीपमाळ
किरकोळ? हातोड्यांच्या त्याच कवितेत तो म्हणतो, की या शहरात गरिबाला ना विचार करायला जागा, ना झोपायला. आणि मार्शिअलला निदान रोमजवळच्या नोमेंटमला छोटी शेतवाडी होती, कंटाळला की तिकडे जायचा. इन्सुलांमधल्या, म्हणजे भाड्याच्या चाळींमधल्या, वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांनी कुठे जायचं? इ.स.पू. ४४ मध्ये वक्ता आणि राजकारणी सिसेरोची भाड्याने दिलेली दोन दुकानं कोसळली, बाकीच्यांना तडे गेले. भाडेकरूच काय, उंदीरही निघून गेले, असं त्याने मित्राला लिहिलं. वर हेही लिहिलं, की या नुकसानीतूनही फायदा काढता येईल! संताप येतो वाचून.

पाणपोई
दीपमाळ, संताप रास्त आहे, पण चित्र अर्धंच दाखवताय. इ.स. १००च्या आसपास नऊ जलवाहिन्या शहरात पाणी आणत होत्या. क्वाड्रान्स म्हणजे अगदी बारकं नाणं दिलं की कष्टकऱ्यालाही स्नानगृहात गरम पाणी मिळे. सम्राट ऑगस्टसच्या काळात सुमारे २ लाख लोकांना फुकट धान्य मिळत होतं. खेड्यातल्या गरिबाला यातलं काय मिळायचं?

दीपमाळ
ते धान्य फक्त नागरिक पुरुषांना. बायका, गुलाम, परके यांना नाही. पाणीही बहुतेकांसाठी रस्त्यावरच्या हौदापर्यंतच. तिथून पुढे चार-पाच मजले घडे घेऊन चढायचं. इ.स. ६४च्या आगीत शहराच्या १४ विभागांपैकी फक्त चार सुखरूप राहिले, तेव्हा वरच्या मजल्यांवरच्यांचं काय झालं असेल?

रानवाटा
आगीचा मुद्दा मान्य, माझा 'किरकोळ' शब्द मागे घेतो. तरी लोक येतच राहिले ना? कोणी हाताला धरून आणत नव्हतं.

दीपमाळ
गुलामांना तर साखळदंडांनीच आणलं होतं. आणि इतरांचंही ऐका. इ.स.पू. ४१ मध्ये ऑक्टेव्हियनने (हाच पुढे सम्राट ऑगस्टस झाला) सैनिकांना वाटण्यासाठी इटलीतल्या गावांच्या जमिनी काढून घेतल्या. ती माणसं बायकापोरांसह रोमला आली, फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, आणि देवळांत आक्रोश करत बसली. आमचा गुन्हा काय, असं विचारत होती. त्यांना ग्रंथालयांची ओढ नव्हती, रानवाटा. त्यांना त्यांचं शेत हवं होतं.