फ्रान्सचा टॅक्स नंबर: कुठे मिळतो?

प्रश्न: सप्टेंबरपासून लियोंला नोकरी करतोय. भारतातल्या बँकेने एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्याच्या फॉर्मवर फ्रान्सचा टीआयएन (टॅक्स नंबर) मागितलाय. सोशल सिक्युरिटी नंबर चालेल का?

उत्तर १: नाही. तो १५ अंकी, आरोग्यविम्यासाठी. टीआयएन म्हणजे ‘न्युमेरो फिस्काल’: १३ अंकी, सुरुवात ०, १, २ किंवा ३ ने. नवरा-बायकोचे नंबर वेगवेगळे असतात, एकाचा दुसऱ्याच्या फॉर्मवर टाकू नका.

उत्तर २: पहिलं रिटर्न भरेपर्यंत थांबू नका. impots.gouv.fr या सरकारी साइटवर संपर्क फॉर्ममधून मागणी करा, किंवा तुमच्या पत्त्याच्या कर कार्यालयात जा. पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा लागतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर लिहा. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव यांची अदलाबदल होते आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी तयार होतात. त्या एकत्र करून घेणं फार डोकेदुखीचं.

प्रश्नकर्ता: पगारातून कर कापला जातोय, मग रिटर्न हवंच का?

उत्तर १: हवंच. यंदाच्या उत्पन्नाचं पुढच्या वसंतात, नंबर नसेल तर ‘२०४२’ क्रमांकाच्या कागदी फॉर्मवर. करनिर्धारणाच्या पत्रावर नंबर छापलेला असतो, ते जपून ठेवा.