नसरीन मोहम्मदींच्या रेघा आणि फाळणीचं लेबल

दौतवाला:
केवळ रेघांची अमूर्त चित्रं काढणाऱ्या नसरीन मोहम्मदींबद्दल एक पोस्ट फिरते आहे: "नसरीनची प्रत्येक रेघ म्हणजे फाळणीत हरवलेलं घर." वाहवा करणाऱ्यांपैकी कुणीच सनावळी बघितलेली दिसत नाही. जन्म कराचीचा, १९३७. कुटुंब मुंबईला आलं १९४४ मध्ये, म्हणजे फाळणीच्या तीन वर्षं आधी. पुढे लंडन, पॅरिस, १९७२ पासून बडोद्यात अध्यापन, १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला मृत्यू. चित्रांना शीर्षकं नाहीत, बहुतेकांवर तारीखही नाही. जिने नावाचासुद्धा आधार ठेवला नाही, तिच्या कागदावर आपण आयतं चरित्र कसं चिकटवायचं? ओळख आणि आपलेपणा हाच विषय हवा असेल तर मुद्राचित्रकार झरीना हाश्मी बघा. 'डिव्हायडिंग लाइन' (२००१) या वुडकटमध्ये (लाकडी ठशाच्या छापात) भारत-पाकिस्तान सीमेची रेघ ठशावर उठावात ठेवून भोवतालचं लाकूड कोरून काढलंय. तिथे विषय कागदावरच आहे.

खारंवारं:
सनांबद्दल बरोबर. निष्कर्ष साफ चूक. फाळणी नाही म्हणजे जागाच नाही, असं होत नाही. तिचे फोटो बघा: वाळू, फतेहपूर सिक्रीची फरसबंदी, मागावर ताणलेले धागे. हयातीत तिने ते प्रदर्शनात मांडले नाहीत, पण रेघा कुठल्या जगातून आल्या ते त्यांत दिसतं. आणि १९८१ चं 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन विसरू नका. भूपेन खक्कर, गुलाममोहम्मद शेख, सुधीर पटवर्धन माणसं रंगवत होते, त्याच काळात बडोद्यात राहून नसरीनने माणूस पूर्ण वगळला. कशात सामील व्हायचं नाही हे ठरवणं म्हणजे ओळखीचाच प्रश्न आहे.

फोर_एच:
दोघंही कागदापासून लांब बोलताय. त्या पोस्टमधलं खरं संतापजनक वाक्य "थरथरत्या हातातून उमटलेल्या रेघा" हे आहे. तिला हंटिंग्टनचा आजार (हालचालींवरचा ताबा घालवणारा मेंदूचा विकार) होता हे खरं, पण रेघ गुण्याच्या कडेने जाते. हाताला फक्त वेग आणि दाब सांभाळायचा असतो, आणि अवघड तेच असतं. रूलिंग पेन म्हणजे स्क्रूने रेघेची जाडी कमी-जास्त करता येणारं आखणीचं पेन. त्याच्या दोन पात्यांमध्ये ड्रॉपरने शाई भरायची, साधारण ५-६ मिमी उंच. जास्त भरली तर टेकवताक्षणी थेंब पडतो, कमी भरली तर लांब रेघ मध्येच तुटते. पेन कागदावर टेकायच्या आधीच हात चालता हवा आणि उचलतानाही चालता हवा. नाहीतर दोन्ही टोकांना गाठ येते. तिच्या रेघांची टोकं भिंगाखाली बघा, मग आजारावर लिहा.

उभीआडवी:
सगळं रूलिंग पेनने केलं हे कशावरून? एकसारख्या जाडीच्या बारीक रेघांना टेक्निकल पेन (ठराविक जाडीच्या नळीसारख्या निबचं) पुरतं. ०.१, ०.२ ची निब घ्या, उभी धरा, झालं. स्क्रू फिरवत बसायला नको.

फोर_एच:
"झालं" म्हणणं सोपं आहे. ०.१ ची निब खरखरीत कागदावर तंतू उचलते आणि चोंदते. शिवाय एका निबला जाडी एकच. रेघ हळूहळू विरत नेणं रूलिंग पेनच्या स्क्रूने होतं किंवा पेन्सिलच्या दाबाने. आणि गुण्या कागदाला सपाट टेकवला तर शाई कडेखाली ओढली जाते, अख्खा पट्टा काळा. म्हणून खाली चिकटपट्टीचे तुकडे लावून कड जराशी वर उचलतात. चूक पात्याने खरवडली तर तिथलं साइझिंग (शाई पसरू न देणारा कागदाचा लेप) जातं, पुढची रेघ नेमकी तिथेच फुटते. अंतर कमी करत नेलेल्या शंभर समांतर रेघांत एक फुटली की कागद बाद.

उभीआडवी:
कडेचा मुद्दा टेक्निकल पेनलाही लागू आहे, म्हणून त्याच्या निबेला खांदा दिलेला असतो. तुम्ही अवजाराची पूजा करताय. विरत जाणाऱ्या रेघांपुरतं तुमचं मान्य, बाकी नाही. आणि पावसाळा विसरलात. हवेच्या दमटपणाने कागद आडवा-उभा सारखा फुगत नाही. चारी कडा ओल्या गमटेपने बोर्डला चिकटवून ताणल्या नसतील तर आज डिव्हायडरने केलेल्या खुणा उद्या जुळत नाहीत. कोणतंही पेन असो.

खारंवारं:
म्हणजे किनाऱ्यावरची हवा कागदात शिरते हे तुम्हीच सांगताय. जागा कागदावर नाही, असं वर कुणीतरी म्हणालं होतं.

दौतवाला:
शब्द फिरवू नका. हवा कागद फुगवते, त्यातून आपलेपणा सिद्ध होत नाही. 'प्लेस फॉर पीपल'चा तुमचा मुद्दा मात्र वजनदार आहे, तेवढा घेतो. तिने काय नाकारलं हे दाखवता येतं. ती कशासाठी झुरत होती हे त्या पोस्टला दाखवता आलेलं नाही, तुम्हालाही नाही.

खारंवारं:
झुरणं हा शब्द माझा नाही. डायऱ्यांची पानं बघा. छापील रकान्यांवर पट्टे ओढून लिहिलेला मजकूर झाकला आहे. रोजचा दिवस आणि रेघ एकाच पानावर आहेत. चरित्र आपण चिकटवलेलं नाही, तिने ते खोडलं, आणि खोडल्याची खूण राखली.

फोर_एच:
डायऱ्यांचं मान्य. पण तिथेही पट्टे बघा: काही ठिकाणी शाई मागच्या पानावर उतरली आहे, काही ठिकाणी नाही. डायरीचा कागद पातळ, साइझिंग हलकं. तिथे पेन थांबवून चालत नाही.

उभीआडवी:
आणि तिथे तरी रूलिंग पेन नाही, एवढं लिहून द्या.