मदत हवी आहे: डिस्ट्रिब्युटर माल वेळेवर देत नाही, पण बदलताही येत नाही

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी आमचं किराणा दुकान आहे, बाबांच्या वेळेपासूनचं. तीन वर्षांपूर्वी मी काउंटर काढून रॅक लावले. गिऱ्हाईक भरपूर आहे. अडचण आहे ती माल येण्याची.

एका डिस्ट्रिब्युटरचं सांगतो, नाव नको. सोमवारी सेल्समन ऑर्डर घेतो, बुधवारी गाडी यायला हवी. ती कधी बुधवारी येते, कधी शनिवारी, कधी थेट पुढच्या सोमवारी. परवा दोन महिन्यांची बिलं काढून बसलो. मागवल्या २४० पेट्या, आल्या १७१. त्यातही चहाचा रॅक रिकामा आणि न मागितलेली बिस्किटं चार पेट्या. "स्कीम आहे शेठ, ठेवून घ्या." उलटून बघितलं तर एक्स्पायरी सव्वा महिन्यावर! रिकामा रॅक बघून गिऱ्हाईक चहाच नाही, हातातली टोपलीसुद्धा ठेवून जातं.

भरवसा नाही म्हणून मी आठवड्याच्या जागी तीन आठवड्यांचा माल भरतो. पैसा तिथे अडकतो, आणि पापड-मसाले देणाऱ्या बचत गटाच्या ताईंना "पुढच्या आठवड्यात या" सांगावं लागतं. त्यांचा माल एकदाही चुकलेला नाही. वर सीएंनी बजावलंय: त्यांची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्या, करार असला तरी ४५ च्या पुढे नाही. मुदत उलटून ३१ मार्चला बाकी राहिली, तर आयकरात तो खर्च पैसे देऊ त्या वर्षीच धरतात.

या कंपनीची आमच्या भागात एजन्सी एकच. शहरातून होलसेलने आणलं तर भाडं अंगावर, आणि खराब माल परत कोण घेणार? बाबा तर विषयच काढू देत नाहीत. लॉकडाऊनमध्ये हाच माणूस स्वतः टेम्पो चालवत माल घेऊन आला होता, हेही खरं. कंपनीच्या एरिया मॅनेजरकडे तक्रार करावी का? कुणी केली आहे?

प्रतिसाद:
मी दुसऱ्या जिल्ह्यात एजन्सी चालवतो, म्हणून आमची बाजू. उधारी किती दिवसांची ते तुम्ही लिहिलं नाहीत. चालणारा माल कमी आला की तो आधी रोखवाल्याकडे जातो, सरळ गोष्ट आहे. डीमार्ट पुरवठादारांना लवकर पैसे देऊन भाव पाडून घेतं, ते उगाच नाही. आणि महिनाअखेरीला कंपनी टार्गेटसाठी आमच्यावर माल ढकलते, आम्ही तुमच्यावर. शेवटच्या आठवड्यात स्कीमच्या पेट्या गाडीतूनच परत करा. तक्रार नंतर. आधी पाच-सहा वस्तू निवडा, त्या गाडी आल्याबरोबर रोख घ्या, आणि मागितलं किती, आलं किती, कुठल्या वारी, एवढं महिनाभर वहीत लिहा.

धागाकर्ता:
दादा, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. बोली २१ दिवसांची, प्रत्यक्षात चाळीसच्या पुढे जातं. ते लिहायचं टाळलंच होतं. वही आजपासून सुरू करतो. फक्त एक सांगा, रोखीसाठी वस्तू कुठल्या निवडू? चहा-साबण सगळ्यात जास्त खपतात, पण पेटीमागे सुटतं अगदी थोडं.