मदत हवी आहे: 'फायर वॉक विथ मी' मालिका न पाहिलेल्यांना दाखवावा का?

(रहस्यभेद आहे, तोही सगळा. लॉरा पामरचा खुनी कोण हे अजून माहीत नसेल आणि मालिका बघायचा विचार असेल तर कृपया इथूनच परत फिरा.)

मंडळी, सल्ला हवाय. आमचं एक छोटं टोळकं आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, सिनेमा बघायचा आणि जेवताना त्यावर भांडायचं. या वेळी निवड माझ्याकडे आहे आणि मी डेव्हिड लिंचचा 'ट्विन पीक्स: फायर वॉक विथ मी' (१९९२) सुचवून बसलोय. निम्म्या लोकांनी मूळ मालिका पाहिलेली नाही. ज्यांनी पाहिलीय, त्यातल्या दोघांनी "तो सोडून काहीही लाव" असं ग्रूपवर कळवून टाकलंय.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्क फ्रॉस्ट आणि लिंच यांची मालिका एप्रिल १९९० मध्ये अमेरिकेत एबीसीवर सुरू झाली. वॉशिंग्टन राज्यातलं लाकडाच्या गिरणीवर जगणारं गाव, पाण्याकाठी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लॉराचा मृतदेह आणि तपासाला आलेला एफबीआयचा डेल कूपर, ज्याला खुनाइतकाच कॉफीत आणि चेरी पायमध्ये रस. खुनी कोण या एका प्रश्नावर देश वेडा झाला. वाहिनीने तगादा लावला म्हणून दुसऱ्या सीझनमध्ये, नोव्हेंबर १९९० ला, उत्तर देऊन टाकलं: लॉराचे वडील लेलंड, ज्यांच्या अंगात 'बॉब' नावाची दुष्ट शक्ती होती. त्यानंतर मालिका ढेपाळली आणि जून १९९१ मध्ये ३० भागांवर बंद पडली. तीही कुठे, तर नायक दुसऱ्याच लोकात अडकलाय आणि त्याचा दुष्ट जुळा बाहेर मोकाट सुटलाय, अशा ठिकाणी.

मग सिनेमा येणार म्हटल्यावर लोकांना वाटलं, आता कूपरची सुटका होणार. लिंचने उलटाच रस्ता धरला. तो मागे गेला, लॉराच्या शेवटच्या सात दिवसांत. १९९० मध्ये ज्या कान महोत्सवात त्याला सुवर्ण पाम मिळालं होतं, तिथेच दोन वर्षांनी या सिनेमाचं अगदी थंड स्वागत झालं. अमेरिकेत धंदा ४० लाख डॉलरच्या आसपास. न्यूयॉर्क टाइम्सच्या व्हिन्सेंट कॅन्बींनी तर लिहिलं की हा आजवरचा सर्वांत वाईट सिनेमा नाही, फक्त तसा वाटतो. (वाक्य झकास आहे, मत पटत नाही.) जपानात मात्र तो चालला, आणि तिथे बायकांनी तो विशेष डोक्यावर घेतला. मला ही गोष्ट नुसती गंमत म्हणून सोडून द्यावीशी वाटत नाही.

माझं म्हणणं असं, की १९९२ च्या प्रेक्षकांना राग आला तो सिनेमा वाईट होता म्हणून नाही. मालिकेत लॉरा म्हणजे एक फोटो. शाळेच्या सोहळ्यात मुकुट घातलेली हसरी मुलगी. जवळजवळ प्रत्येक भागाच्या शेवटी नामावलीमागे तोच फोटो. शेरिल ली या सिअ‍ॅटलच्या नटीला घेतलं होतं तेच मुळी प्रेत आणि फोटो यांपुरतं. ३० भाग लोक त्या फोटोभोवती कॉफी पीत बसले. सिनेमाने त्या मुलीला उठवून चालतं-बोलतं केलं आणि म्हणाला, आता हिच्याबरोबर आठवडा काढा. पहिल्याच फ्रेममध्ये टीव्हीच्या पडद्यावरची निळी मुंग्यामुंग्या दिसते आणि नामावली संपता संपता त्या टीव्हीवर कुऱ्हाड बसते. इतकं स्पष्ट सांगूनही लोक कॉफी आणि चेरी पाय शोधत बसले, त्याला कोण काय करणार!

जेवणाच्या टेबलाचा प्रसंग घ्या. वरवर काहीही घडत नाही. लॉरा जेवायला बसते, वडील म्हणतात, हात धुतले नाहीस. तिचा हात उचलतात, बोटाच्या नखाखाली बघतात. गळ्यातल्या अर्ध्या बदामी लॉकेटबद्दल विचारतात, कुणी दिलं, प्रियकराने का? आई म्हणते, पुरे, तिला आवडत नाही ते. त्यावर बाप आईकडे वळतो: तिला काय आवडतं हे तुला काय माहीत? लेलंड झालेला रे वाइज हे वाक्य जेमतेम आवाज चढवून म्हणतो. बॉब नाही, लाल पडदे नाहीत, घरातलं साधं जेवण. नंतर रात्री तोच माणूस रडत तिच्या खोलीत येतो आणि माझं तुझ्यावर खूप प्रेम आहे म्हणतो. मला लिंचच्या कुठल्याही राक्षसापेक्षा या दोन प्रसंगांची जास्त भीती वाटते.

आता अडचणी. पहिला अर्धा तास लॉरा नाहीच. डियर मेडो नावाचं दुसरं गाव, तेरेसा बँक्स नावाच्या मुलीचा खून, ख्रिस आयझॅक आणि किफर सदरलंड हे एजंट. मला हा भाग म्हणजे ट्विन पीक्सची उलटी बाजू वाटतो: तिथला शेरीफ प्रेमळ, इथला खवट, तिथल्या हॉटेलात चेरी पायचं कौतुक, इथली वेट्रेस विचारते, आज काय खास आहे ऐकायचंय का? काही नाही. पण मालिकाच न पाहिलेल्या माणसाला हा उलटा चेहरा कळणार कसा? तो तर म्हणेल, हे कोण लोक आणि गेले कुठे?

दुसरं, ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांना आधी निवडक भाग दाखवावेत का? कुठले? आणि शेवटचं म्हणजे विषय. घरातला लैंगिक अत्याचार आहे, तोही आडपडदा न ठेवता. बसणाऱ्यांपैकी कोणाच्या आयुष्यात काय होऊन गेलंय, आपल्याला काय ठाऊक. आधी किती सांगायचं? सगळं सांगितलं तर रहस्य जातं, नाही सांगितलं तर तो विश्वासघात होईल, असं वाटतंय.

---

ओंडकेवाली_बाई

आयडी (मालिकेतल्या ओंडका कवटाळून फिरणाऱ्या बाईवरून घेतलेला) बघूनच कळलं असेल की मी कुठल्या पक्षातली आहे. :) माझं उत्तर: दाखवा, पण थेट नको. आधी चार भाग पुरतात. पायलट म्हणजे पहिला भाग तर हवाच, दीड तासाचा आहे. मग पहिल्या सीझनमधला तिसरा भाग, ज्याच्या शेवटी कूपरला लाल खोलीचं (लाल पडद्यांच्या, दुसऱ्या लोकातल्या जागेचं) स्वप्न पडतं. दुसऱ्या सीझनमधला सातवा, जिथे लेलंडचा चेहरा आरशात बॉबचा होतो आणि लॉराची बहीण लागणाऱ्या मॅडीचा खून होतो. आणि शेवटचा भाग. यातले चारही लिंचनेच दिग्दर्शित केलेत, त्यामुळे हात एकच आहे. बाकीच्यात काय घडलं ते पाच मिनिटांत तोंडी सांगता येईल.

डियर मेडोबद्दल: लिल नावाची लाल झग्यातली बाई आठवा. एफबीआयचा साहेब गॉर्डन कोल (स्वतः लिंच) अर्थ न सांगता तिला नाचायला लावतो आणि मग गाडीत एजंट त्याचा अर्थ लावत बसतात. आंबट चेहरा म्हणजे स्थानिक पोलीस त्रास देणार, एक हात खिशात म्हणजे काहीतरी लपवतायत. आणि झग्यावरचं निळं गुलाब? त्याबद्दल सांगू शकत नाही. लिंच इथे प्रेक्षकाची शिकवणी घेतोय. खुणा वाचा, पण एक खूण बंदच राहणार आहे. नवख्याला हे मालिका न बघताही कळतं.

---

तिरकस_तात्या

मी 'काहीही लाव' म्हणणाऱ्यांच्या बाजूने.

लिंच गेला (जानेवारी २०२५) तेव्हापासून त्याच्या प्रत्येक फसलेल्या कामाला आरती ओवाळायची साथ आलीय. मालिकेची मजा होती गावात, माणसांत. फ्रॉस्टच्या लेखणीमुळे लिंचच्या विक्षिप्तपणाला वेसण होती. सिनेमाच्या पटकथेत फ्रॉस्ट नाही, लिंच आणि रॉबर्ट एंगल्स आहेत, आणि ते जाणवतं. मालिकेतली ऑड्री गायब. लॉराची मैत्रीण डोना, तिची नटीच बदललेली. कूपर पाहुण्यासारखा. डेव्हिड बोवी येतो, काहीतरी बडबडतो, नाहीसा होतो. गाव कापून टाकलं आणि उरलं काय, तर एका शाळकरी मुलीचे सव्वादोन तास हाल. आणि तो गुलाबी प्रकाशातला क्लबचा प्रसंग? तिथे कॅमेरा लॉराच्या बाजूने आहे की टेबलावरच्या पुरुषांच्या, हे मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. तुम्ही सांगा.

---

धागाकर्ता

तात्या, गावाबद्दल तक्रार रास्त आहे. शेरीफ ट्रूमन वगैरे मंडळींचे प्रसंग चित्रित झाले होते, लांबीपायी कापले. २०१४ मध्ये दीडेक तासाचे ते तुकडे 'द मिसिंग पीसेस' म्हणून बाहेर आले. मी पाहिलेत. गोड आहेत, पण सिनेमात असते तर आपण पुन्हा हसत-खेळत कॉफी प्यायला बसलो असतो. कापले ते बरं झालं.

क्लबच्या प्रसंगाबद्दल माझं उत्तर अर्धवटच आहे. कॅमेरा पुरुषांच्या बाजूने सुरू होतो हे मान्य. पण डोना लॉराचं जॅकेट अंगावर चढवते आणि नशेत एका पुरुषाच्या हाती लागते, ते दिसल्यावर लॉरा किंचाळत सुटते. आपल्या कपड्यांबरोबर आपलं नशीबही मैत्रिणीला जाईल, ही भीती आहे ती. तिथून पुढे मी तरी त्या पुरुषांच्या खुर्चीत बसू शकलो नाही. तुम्ही बसू शकलात का, हा प्रश्न उलट विचारतो, रागावू नका.

---

सायली_बाहेरगावी

मी समुपदेशन करते, कामाचा बराचसा भाग मुलांबरोबर असतो. त्यामुळे फक्त शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहिते.

आधी सांगाच. 'त्रासदायक दृश्यं आहेत' असं मोघम नको. घरातल्या माणसाकडून होणारा लैंगिक अत्याचार आहे, असं स्पष्ट वाक्य. ग्रूपवर, आदल्या दिवशी, म्हणजे ज्याला यायचं नाही तो कारण न देता टाळू शकेल. जमल्यावर तोंडावर सांगितलं तर उठून जाणं अवघड होतं. आणि त्याच मेसेजमध्ये खुनी कोण हेही सांगून टाका, दोन्ही वेगळं करता येत नाही. या सिनेमात रहस्य हे रहस्य नाहीच. आपल्याला सुरुवातीपासून माहीत असतं, लॉराला माहीत नसतं, किंवा तिने स्वतःला माहीत होऊ दिलेलं नसतं. ताण तिथे आहे.

बॉबबद्दल एक. मालिकेत लेलंड मरतो तेव्हा सगळा दोष बॉबवर ढकलला जातो आणि कूपर त्याला प्रकाशाकडे जा म्हणून निरोप देतो. लगेच नंतर जंगलात उभे राहून पुरुष चर्चा करतात: बापाने हे केलं असं मानणं जास्त सोपं आहे का? मला तो भाग पाहताना चीड आली होती. सिनेमा ती पळवाट अर्धी बंद करतो. खुनाच्या रात्री रेल्वेच्या डब्यात लेलंड स्वतः म्हणतो, मला वाटायचं तुला माहीत होतं की तो मीच आहे. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला अशी घरं कळली आहेत, इतकंच म्हणेन. आणि लेलंडने आईला दिलेला, गुंगीचं औषध घातलेला दुधाचा ग्लास बघा. घरातल्या दुसऱ्या माणसाला झोपवून ठेवणं, हे प्रत्यक्षात दुधाशिवायही होतं.

नंतर लगेच जेवायला बसून भांडू नका मात्र. थोडा वेळ जाऊ द्या.

---

तिरकस_तात्या

सायलीताई, दुधाच्या ग्लासकडे मी तिथेच आईला दिसणाऱ्या पांढऱ्या घोड्याच्या नादात लक्षच दिलं नव्हतं. तो भाग पुन्हा बघतो. बाकी मत कायम. आणि शेवटी देवदूत आणून ठेवायची काय गरज होती? इतकं सगळं दाखवून वरून केरुबिनीचं संगीत आणि पांढरे पंख. स्वस्तात सुटका.

---

ओंडकेवाली_बाई

तात्या, ती सुटका कशी? ती मेलेली आहे! तिच्या खोलीतल्या चित्रातला देवदूत आधी पुसला गेलाय. तिला वाचवायला कोणी आलं नाही. मेल्यावर लाल खोलीत ती रडता रडता हसते, आणि कूपर नुसता खांद्यावर हात ठेवून उभा आहे. तपास नाही, भाषण नाही. मला वाटतं तो माणूस पहिल्यांदाच तिथे काही कामाचा ठरतो.

धागाकर्त्यांना एक विनंती: मालिका २०१७ मध्ये परत आली, ते १८ भाग मध्ये आणू नका. निळं गुलाब, सिनेमातली अंगठी, बोवीने केलेला एजंट जेफ्रीज हे सगळं त्या सीझनमध्ये परत येतं, त्यामुळे हल्ली लोक हा सिनेमा 'पुढच्याची किल्ली' म्हणून बघतात. किल्ल्या शोधायला बसलं की लॉरा पुन्हा फोटो होते.

---

धागाकर्ता

धन्यवाद मंडळी. ठरलं असं: चार भागांची यादी आजच ग्रूपवर टाकतो, ज्याने त्याने आपापल्या घरी बघावेत. विषयाचा आणि खुन्याचा मेसेज आदल्या दिवशी, सायलीताईंनी सांगितलं तसा. डियर मेडोबद्दल आधी काहीच बोलणार नाही, गोंधळू देत. जेवण सिनेमाच्या आधी. तात्या, तुम्ही पुण्यात असाल तर या, विरोधी पक्ष हवाच आहे.

एक बारीक प्रश्न राहिला. क्लबच्या प्रसंगात संवाद ऐकूच येत नाहीत, संगीत वर चढतं. माझ्या प्रतीत काही गडबड आहे का?

---

स्पीकर_फाटका

गडबड नाही, ते मुद्दाम आहे. क्लबमध्ये जसं ओरडून बोलावं लागतं तसंच ठेवलंय आणि संवाद सबटायटल्समध्ये दिलेत. काही प्रतींमध्ये ती सबटायटल्स आपोआप येत नाहीत, तेव्हा आदल्या दिवशी तो प्रसंग लावून बघा आणि नसतील तर सेटिंगमधून चालू करा. आवाज कमी करू नका. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.