माझदा आरएक्स-८ (रोटरी इंजिनची कार) : ऑइल मीटरिंग पंप काढून पेट्रोलच्या टाकीत टू-टी (टू-स्ट्रोक ऑइल) घालू का?

मोटारवेडा_दादर
पंप ठेवू की काढू एवढंच सांगा, घाई आहे, रविवारी लोणावळ्याला जायचंय. मेकॅनिक म्हणतो बंद करून टाक आणि पेट्रोलमध्ये टू-टी मिसळ, ऑइल कमी होणं थांबेल.

घाटावरचा
साल कुठलं? ऑइल किती कमी होतंय? धूर आहे का?

मोटारवेडा_दादर
२००५. धूर नाही हो. पंपाचं सांगा ना!

ठाणेकर_गॅरेज
हात लावू नका पंपाला. अपेक्स सीलला, म्हणजे तिकोनी रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांना, वंगण मिळावं म्हणून तो संपमधलंच (इंजिनखालच्या ऑइल टाकीतलंच) ऑइल हाऊसिंगमध्ये, म्हणजे रोटर फिरतो त्या कवचात, सोडतो आणि ते जळतं, त्यामुळे लेव्हल थोडी उतरणारच, तो दोष नाही. नुसता कनेक्टर काढलात तर गाडी लिंप मोडमध्ये जाईल, म्हणजे कॉम्प्युटर ताकद कमी करून टाकेल. पंप चालू ठेवा आणि वरून लिटरला ४-५ मिली टू-टी घाला, ३० लिटरला दीडशे मिली झालं.

आरएक्स१००_प्रेमी
आमच्या टू-स्ट्रोक बाईकचा ऑटोल्यूब (ऑइल सोडणारा) पंप मी कधीच काढला, पेट्रोलमध्येच मिसळतो, एकदम मस्त चालते. तुम्ही पण बिनधास्त काढा.

ठाणेकर_गॅरेज
भाऊ, बाईकचं वेगळं. बोरघाट उतरताना गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की ह्या गाडीत इंजेक्टर पेट्रोलच बंद करतात, मग त्यातून येणारं टू-टीही बंद. पंप तेव्हासुद्धा ऑइल देतो.

क्लीनबर्न
माझं मत, सोन अॅडॉप्टर. पंप तोच, फक्त वेगळ्या छोट्या टाकीतून टू-टी ओढतो. संपमधलं ऑइल जळायला बनवलेलंच नसतं, राख आणि कार्बन मागे राहतो.

ठाणेकर_गॅरेज
आणि ती टाकी रिकामी झाली तर? तळाला लेव्हल सेन्सर नसेल तर मी कुणालाच लावून देणार नाही.

घाटावरचा
२००५ म्हणजे एका हाऊसिंगला दोनच ऑइल नोझल, मधलं तिसरं २००९ पासून आलं. सीलच्या मधल्या भागाला ऑइल कमी पोचतं, म्हणून टू-टी घालाच.

पेट्रोलपंप_पुराण
इ-२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मध्ये टू-टी नीट मिसळतं का ते कुणी बोलतच नाही! पावसाळ्यात टाकीत पाणी सुटलं तर काय?

क्लीनबर्न
त्यासाठी वेगळा धागा काढा.

मोटारवेडा_दादर
गरम असताना सेल्फ जास्त मारावा लागतो, त्याचा ह्याच्याशी काही संबंध?

ठाणेकर_गॅरेज
अहो हे आधी सांगायचं ना! सील झिजून कॉम्प्रेशन (आतला दाब) कमी झालं असेल. ते मोजून घ्या, पण रोटरीच्याच टेस्टरने, साधा गेज एकच आकडा देतो, रोटरच्या तिन्ही बाजूंचे वेगळे दिसत नाहीत. आणि नोझलला जाणाऱ्या बारीक पारदर्शक नळ्या बघा, ऑइल सलग भरलंय की मधेमधे हवेचे बुडबुडे आहेत? फोटो टाका.