घोड्याला मसाज: उपयोग की नुसते चोचले?

रपेटवाला:
काल इथे एका ताईंनी लिहिलं की नियमित मसाजने घोड्याच्या स्नायूंतलं लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जातं, पाठ मोकळी होते आणि डॉक्टरची गरज फारशी पडत नाही. दोन ओळीत आवरणार होतो पण राहवेना. अहो पळून आलेल्या घोड्याचं लॅक्टेट, म्हणजे तुमचं तेच लॅक्टिक, तास-दोन तासांत आपलं आपण उतरतं, हळूहळू चालवलंत तर अजून लवकर. मग तुमचा मसाजवाला दुसऱ्या दिवशी येऊन नक्की काय पिळून काढतो? रोज हात दाबून खरारा करा, बास झालं.

चौखूर:
'त्या ताई' मीच. लॅक्टिकचा मुद्दा घ्या तुम्हाला, फ्रेम करून लावा. पण मानेच्या बुडाशी, जिथे घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात, तिथे माणसाने खाजवलं तरी हृदयाचे ठोके कमी होतात, हे १९९३ साली फे आणि द माझिएर या संशोधकांनी मोजून दाखवलंय. आणि माझी घोडी? डाव्या बाजूला हात लावला की कान मागे. तिथेच हलका हात ठेवून थांबलं की हळूहळू मान खाली येते, खालचा ओठ लोंबायला लागतो, मग जांभयांवर जांभया. हे नाटक करते का ती?

खोगीरभरती:
मध्ये बोलतो, पण डावीकडेच का दुखतं हे बघितलंत का कोणी? खोगीर काढल्यावर घामाचा ठसा बघा. सगळीकडे ओलं आणि मध्येच कोरडा चट्टा असेल तर तिथे बहुतेक दाब पडतोय. माझ्या घोड्याच्या पाठीवर त्या दाबाने पांढरे केस आले तेव्हा डोळे उघडले, तोवर विकणारा म्हणत होता खाली जाड गादी टाका!!

रपेटवाला:
गादीने फरक पडतो, मी टाकतो.

खोगीरभरती:
घट्ट बुटात जाड मोजा घालता का? तेच आहे हे. घोडा अंगाने भरतो, उतरतो, एकदा मापाचं घेतलेलं खोगीर जन्मभर बसत नाही, पण लोकांना हे ऐकायचंच नसतं.

रपेटवाला:
तुम्हाला प्रत्येक धाग्यात खोगीरच दिसतं. शिकवू नका.

नालबंद:
भांडा सावकाश. खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळताना घोडी चावायला येत असेल तर पोटात अल्सरही असू शकतो. आणि मेहनतीनंतर पुठ्ठे टणक, पाऊल उचलत नाही, लघवी गडद, असं दिसलं तर मसाज नाही, चालवणंही नाही, आधी डॉक्टर. आमच्या तबेल्यात एकाने असा घोडा बराच वेळ चोळला, जनावर जेमतेम वाचलं.

चौखूर:
बरं, खोगीर तपासून घेते, डॉक्टरलाही दाखवते. मसाज बंद करणार नाही. आणि रपेटवाले, तुम्ही हात दाबून खरारा करता तो काय असतो हो?

रपेटवाला:
फुकट असतो.